पिवळा दिवा लागला म्हणून सेन्सर बदलू नका

आणेवाडीच्या टोलनाक्यावर रांगेत उभा होतो. एसी चालू, गाडी न्यूट्रलला, आणि मीटरमध्ये इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. गाडी बंद पडली नाही, धूर नाही, आवाज नाही. आयडलिंगला जरा थरथरत होती, पण ती गेला महिनाभर थरथरतच होती. गाडी २०१४ ची, पेट्रोल, एक लाख बारा हजार किलोमीटर पळालेली.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात नेली. तिथल्या पोराने स्टिअरिंगखाली स्कॅनर लावला, स्क्रीनवर नजर टाकली आणि म्हणाला, "ऑक्सिजन सेन्सर गेलाय." सेन्सर साडेचार हजार, मजुरी वेगळी. नवा सेन्सर बसला, गाडीने नोंदवलेला दोषाचा कोड उडवला, दिवा विझला. चौथ्या दिवशी पुन्हा तोच दिवा आणि तोच कोड.

कोड होता पी०१७१. त्याचा अर्थ एवढाच, की इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. गॅरेजच्या भाषेत गाडी लीन चालतेय. सेन्सर गेलाय असं तो कोड कुठेच म्हणत नव्हता. उलट ही बातमी ज्याने दिली तोच ऑक्सिजन सेन्सर, आणि आम्ही त्यालाच काढून टाकलं. डेअरीत दुधाला डिग्री लागली नाही म्हणून लॅक्टोमीटर बदलावा, तसला प्रकार. दुधातलं पाणी जागच्या जागी.

जुन्या गाड्यांवर या दिव्यापायी जो खर्च होतो, त्यातला बराचसा असाच जातो. तेव्हा दिवा नेमकं काय सांगतो आणि त्यावरून दुखण्यापर्यंत कसं पोचायचं, ते नीट बघू.

हा दिवा मुळात ड्रायव्हरच्या सोयीसाठी आलेलाच नाही. कॅलिफोर्नियात शहरांवर धुरकं साचायचं, त्या काळजीतून तो आला. गाडी शोरूममधून निघताना स्वच्छ धूर सोडते, पाच-सात वर्षांनी तिचं काय होतं ते कोण बघणार? म्हणून गाडीनेच स्वतःवर पाळत ठेवायची. अमेरिकेत १९९६ पासून विकल्या जाणाऱ्या गाड्यांना या पाळतीची एकसारखी पद्धत आणि एकसारखं सोळा पिनांचं सॉकेट सक्तीचं झालं. तीच ओबीडी-२. आपल्याकडे बीएस-४ या धुराच्या नियमात बसणाऱ्या गाड्यांना पहिल्या टप्प्याची ओबीडी १ एप्रिल २०१० पासून आणि दुसऱ्या टप्प्याची १ एप्रिल २०१३ पासून लागू झाली.

जुन्या गाडीवाल्यांनी हा फरक लक्षात ठेवावा. पहिल्या टप्प्यातली गाडी मुख्यतः वायरिंग तपासते: सेन्सरची वायर तुटली का, शॉर्ट झाली का. दुसऱ्या टप्प्यातली गाडी कामही तपासते: कुठला सिलिंडर मिसिंग मारतोय का, म्हणजे मधूनच पेटायचा राहतोय का, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर धूर साफ करतोय का, सेन्सर म्हातारा होऊन सुस्तावलाय का. त्यामुळे २०११ ची गाडी दिवा लावत नाही म्हणजे ती ठणठणीत आहे, असं समजू नका. तिला ते कळतच नसेल. २०१० च्या आधीच्या गाडीत सॉकेट असलं तरी ती बऱ्याचदा कंपनीच्या स्वतःच्या भाषेत बोलते, आणि ऑनलाइन मिळणारा, सॉकेटात खोचून मोबाइलवर कोड दाखवणारा हजाराच्या आतला ब्लूटूथ डोंगल तिच्यापुढे मुका होतो. अशा गाडीला जुना, सगळ्या कंपन्यांचे प्रोग्रॅम असलेला स्कॅनर बाळगणारा माणूसच लागतो.

आता दिव्याकडे. पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर घरी जा, उद्या बघा. दिवा लुकलुकत असेल तर गोष्ट वेगळी. त्याचा अर्थ एखादा सिलिंडर जोरात मिसिंग मारतोय आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेने जाऊन कन्व्हर्टरमध्ये पेटतंय. तो लालबुंद होतो आणि आतून वितळतो. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडा, सावकाश बाजूला घ्या. आणि ऑइल प्रेशरचा किंवा टेंपरेचरचा लाल दिवा लागला तर इंजिन तिथेच बंद करायचं. तो दिवा पिवळ्याच्या नात्यातला नाही.

कोड वाचण्याआधी एक काम करायचं नाही: बॅटरीची वायर काढायची नाही. "बॅटरी काढून लाव, दिवा जातो" हा सल्ला पार्किंगमधला प्रत्येक जण देतो. दिवा जातो हे खरं, पण त्याच्याबरोबर पुरावाही जातो. कोड पडला त्या क्षणी ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, एक नोंद करून ठेवतो, तिला फ्रीज फ्रेम म्हणतात: गाडीचा वेग किती होता, आरपीएम किती, इंजिन किती गरम, लोड किती. माझ्या नोंदीत होतं वेग ०, आरपीएम ७२०, पाणी ९१ अंश. म्हणजे गाडी तापलेली आणि उभी. घाटात, चढावर, ओव्हरटेक करताना तिची काहीच तक्रार नव्हती. सेन्सर बदलण्याआधी ही आकड्यांची ओळ कुणी वाचली असती तर माझे पैसे वाचले असते. गॅरेजातल्या त्या पोराने कोड वाचला आणि पान मिटलं.

कोडचं व्याकरण सोपं आहे. पहिलं अक्षर पी म्हणजे इंजिन-गिअर, बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगकडचं, यू म्हणजे आतल्या कॉम्प्युटरांची एकमेकांशी बोलाचाली. पुढचा आकडा शून्य असेल तर कोड सगळ्या कंपन्यांना सारखा, एक असेल तर त्या कंपनीचा खास. मग १ किंवा २ आलं तर हवा-पेट्रोलचं प्रकरण, ३ म्हणजे ठिणगी, ४ म्हणजे धूर, ५ म्हणजे वेग आणि आयडलिंग. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर मिसिंग, पी०३०२ म्हणजे दुसरा. एवढं आलं की मेकॅनिकशी बोलायला पुरे.

पण कोड हा पत्ता आहे, आरोपी नाही. तो गल्ली सांगतो. घर आपण शोधायचं. त्यासाठी स्कॅनरवरचा लाइव्ह डेटा बघायचा, आणि त्यातही दोन आकडे, ज्यांना फ्युएल ट्रिम म्हणतात.

पेट्रोल पूर्ण जळायला एक किलो पेट्रोलमागे साधारण १४.७ किलो हवा लागते. ईसीएम हवा मोजतो, हिशेब करतो, तेवढं पेट्रोल सोडतो. हिशेब बरोबर आला का, हे सायलेन्सरच्या तोंडाशी बसलेला ऑक्सिजन सेन्सर सांगतो. धुरात ऑक्सिजन उरला असेल तर तो ०.१ व्होल्टच्या आसपास दाखवतो, म्हणजे पेट्रोल कमी पडलं. ऑक्सिजन संपला असेल तर ०.९ च्या आसपास, म्हणजे पेट्रोल जास्त झालं. धडधाकट गाडीत हा आकडा सतत खाली-वर उड्या मारत असतो, कारण ईसीएम सतत थोडं घाल, थोडं काढ करत असतो. स्वयंपाक करणारी बाई आमटी चाखत चाखत मीठ घालते, तेच.

हे क्षणाक्षणाचं घाल-काढ म्हणजे शॉर्ट टर्म ट्रिम. आणि "या गाडीला नेहमीच जरा जास्त लागतं" अशी पक्की झालेली सवय म्हणजे लाँग टर्म ट्रिम. दोन्हींची बेरीज अधिक-उणे दहा टक्क्यांच्या आत असली तर गाडी सुखी. वीस-पंचवीसच्या पुढे गेली की ईसीएम हात टेकतो आणि कोड टाकतो. तोही बहुतेक वेळा लगेच नाही. एका फेरीत दोष दिसला तर मनात ठेवतो, पुढच्या फेरीत पुन्हा दिसला तर दिवा लावतो. माझा दिवा चौथ्या दिवशी का परतला त्याचं उत्तर इथे आहे. कोड उडवताना ही शिकलेली सवयही पुसली जाते. ईसीएमला शून्यापासून पुन्हा शिकायला दोन-तीन दिवस लागले, आणि "झालं बरं" असं वाटण्याचे दिवस तेवढेच होते.

जाता जाता एक. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, म्हणून त्याला हवा कमी आणि इंधन जास्त लागतं. जुन्या गाडीची ट्रिम त्यामुळे चार-पाच टक्के वर सरकलेली दिसली तर घाबरू नका, तो बिघाड नाही. पण जी गाडी आधीच पंधरावर लटकत होती, तिला हाच धक्का कोडपर्यंत नेऊ शकतो.

दुसऱ्यांदा दिवा लागल्यावर मी ओळखीच्या मामांकडे गेलो. दोन पिटांचं गॅरेज, पत्र्याची शेड. त्यांनी स्कॅनर लावला आणि कोडकडे ढुंकूनही न बघता लाइव्ह डेटा उघडला. आयडलिंगला लाँग टर्म अधिक २४. मग मला म्हणाले, "रेस करा, अडीच हजारावर धरून ठेवा." आकडा सावकाश उतरत अधिक ५ वर आला. "कुठंतरी एअर घेतीय," मामा म्हणाले आणि बोनेटकडे गेले.

हे त्यांना कसं कळलं? माझ्या गाडीत आत येणारी हवा मोजायला एअर फिल्टरच्या पुढे एमएएफ सेन्सर आहे. त्याच्यानंतर पाइपला भोक पडलं तर तिथून आत शिरणारी हवा मोजलीच जात नाही. पेट्रोल मोजलेल्या हवेपुरतंच सुटतं, आणि गाडी लीन होते. भोक तेवढंच राहतं, पण आयडलिंगला इंजिन हवाच मुळात थोडी ओढतं, शिवाय आत व्हॅक्यूम जोरदार असतो, म्हणून चोरून आलेल्या हवेचा वाटा मोठा ठरतो. रेस वाढवली की मुख्य वाटेने भरपूर हवा येते आणि चोरवाट नगण्य होते. याच्या नेमकं उलट दिसलं असतं, म्हणजे आयडलिंगला ठीक आणि चढावर जोर लावला की ट्रिम वर, तर संशय फ्युएल पंपावर किंवा तुंबलेल्या फिल्टरवर गेला असता. दोन्हीकडे सारखाच वर असता तर मळलेला एमएएफ किंवा कमी प्रेशर. एकच कोड, तीन वेगळी घरं.

मात्र हे सगळ्या गाड्यांना लागू नाही. आपल्याकडच्या कितीतरी छोट्या गाड्यांत एमएएफ नसतो. तिथे मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला, दाब मोजणारा एमएपी सेन्सर असतो. चोरवाटेने आलेली हवाही दाब वाढवते, त्यामुळे ती हिशेबात धरली जाते. अशी गाडी लीन होण्याऐवजी तिचं आयडलिंग वाढतं. तिच्यात लीनचा कोड आला तर आधी ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे सायलेन्सरचं गॅसकेट फुटलंय का बघा. तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर बिचारा प्रामाणिकपणे सांगतो, ऑक्सिजन उरलाय.

मामांनी इंजिन चालू ठेवूनच कान लावला. बारीक सूं ऐकू येत होतं, पण कुठून ते कळेना. मग एकेक रबरी पाइप फडकं लावून पकडीने दाबत गेले. ब्रीदरचा, म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ मॅनिफोल्डकडे नेणारा बोटभर जाडीचा पाइप दाबला आणि सूं थांबलं, आयडलिंग बदललं, आणि स्क्रीनवर शॉर्ट टर्म खाली घसरून उणे १८ झाली. कारण ईसीएम अजून जुन्या सवयीने २४ टक्के जादा ओतत होता आणि आता ते नकोसं झालं होतं. पाइप काढून त्यांनी माझ्या हातात दिला. वरून चकाचक. वाकवून पाहिला तर खालच्या बाजूला, वळणावर, तेलाने फुगलेल्या रबराला नखाएवढी भेग. नवा पाइप १८० रुपये.

ऑक्सिजन सेन्सर खरंच गेलाय का, हे तपासायला पैसे लागत नाहीत. गाडी पूर्ण गरम झाल्यावर एकदम रेस द्या: आकडा ०.९ कडे उडी मारायला हवा. उतारावर गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडा: पेट्रोल बंद होतं, आकडा ०.१ कडे पडायला हवा. दोन्ही लगेच झालं तर सेन्सर जिवंत आहे. पी०१३५ असा कोड आला तर तो सेन्सरच्या आतल्या हीटरचा. तिथेही आधी फ्यूज बघा, मग सॉकेट, मग सेन्सर.

फ्यूज आणि वायरिंगचं तर जुन्या गाडीत वेगळंच पुराण. आपल्याकडे निदानाची सुरुवात बोनेट उघडून उंदराच्या लेंड्या शोधण्यापासून करावी, हे मी गमतीत म्हणत नाही. पावसाळ्यात उंदीर गरम इंजिनाच्या उबेला येतात आणि वायरींचं कव्हर कुरतडतात. तीन-चार कोड एकदम पडले तर तीन-चार सेन्सर एका रात्रीत मेले असं होत नाही. त्यांची सामाईक वायर, सामाईक फ्यूज किंवा गंजलेलं अर्थिंग शोधा. बॅटरी उतरलेली असली तरी असे कोड फटाक्यांच्या माळेसारखे पडतात.

वायर तुटल्याचा एक झकास पुरावा असतो. स्कॅनरवर पाण्याचं तापमान उणे ४० दिसतं. साताऱ्यात काय, लेहमध्येही गाडी इतकी गार नसते. सेन्सरचं सर्किट उघडं पडलं की ईसीएमला असंच दिसतं, आणि ते सॉकेट निघाल्याने किंवा वायर कुरतडल्याने होऊ शकतं. तापमानाचा सेन्सर थोडासाच खोटं बोलत असेल तर पकडायला रात्रभर उभी गाडी लागते: सकाळी इंजिन चालू करण्याआधी किल्ली ऑनला फिरवा आणि पाण्याचं व आत येणाऱ्या हवेचं तापमान बघा. रात्रभरात दोन्ही सारखे व्हायला हवेत. दहा-पंधरा अंशांचा फरक असेल तर एक जण खोटारडा.

मिसिंगचा कोड असेल तर याहून सोपं. पी०३०१ आलाय? पहिल्या सिलिंडरची ठिणगीची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची पहिल्यावर लावा, गाडी फिरवून आणा. कोड पी०३०२ झाला तर दोष कॉइलबरोबर सरकला, कॉइल बदला. जागेवरच राहिला तर तसाच प्लग फिरवा, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. सीएनजीवर हा कोड लवकर दिसतो, कारण गॅस पेटवायला ठिणगी जास्त जोमदार लागते आणि थकलेला प्लग पेट्रोलवर निभावून नेतो, गॅसवर नाही. बाहेरून बसवलेलं सीएनजी किट असेल तर ट्रिमचे कोडही संशयाने बघा. किटचा वेगळा कॉम्प्युटर पेट्रोलच्या हिशेबावरून गॅस सोडतो. त्याचं ट्यूनिंग चुकलं की ईसीएम दुसऱ्याच्या चुका सुधारत बसतो. कोड उडवून आठवडाभर निव्वळ पेट्रोलवर चालवा. ट्रिम सुधारली तर किटवाल्याकडे जा.

पी०४२० आला की लोकांच्या पोटात गोळा येतो, कारण तो कन्व्हर्टरचा कोड. आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. मारुती इकोचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्या त्याच्याच मागे होत्या. कन्व्हर्टरच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. पुढचा उड्या मारतो, मागचा शांत असायला हवा, कारण मधल्या मध्ये ऑक्सिजन वापरला जातो. मागचाही पुढच्यासारखा नाचायला लागला की हा कोड पडतो. कन्व्हर्टर मेलेला असू शकतो, पण तो सहसा आपण होऊन मरत नाही. इंजिन ऑइल पीत असेल किंवा बरेच दिवस मिसिंग मारत असेल तर त्यानेच तो मारलेला असतो. आधी ते मिटवा, नाहीतर नवाही त्याच वाटेने जाईल.

यूट्यूबवरच्या अमेरिकी व्हिडिओंत पहिला सल्ला असतो, पेट्रोलच्या टाकीचं झाकण घट्ट लावा. तिकडे टाकीतली वाफ गळते का हे गाडीने तपासायची सक्ती आहे. आपले नियम युरोपच्या वळणाचे, त्यामुळे आपल्या जुन्या गाड्यांत त्या झाकणाने दिवा सहसा लागत नाही.

जुनी गाडी विकत घेताना मात्र हा दिवा बघाच. किल्ली ऑनला, इंजिन बंद: दिवा लागलाच पाहिजे. लागला नाही तर एकतर बल्ब गेलाय, नाहीतर कुणीतरी तो मुद्दाम आंधळा केलाय. लागला आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला, तरी डोंगल लावून रेडिनेस, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्यात का, ते बघा. सगळ्या तपासण्या अपूर्ण दिसत असतील तर तुम्ही येण्याच्या थोडं आधी कोड उडवलेत किंवा बॅटरी काढलीय.

माझ्या गाडीचा कोड मामांनी मुद्दाम उडवला नाही. "राहू द्या, तीच सांगल," म्हणाले. सलग तीन फेऱ्या दोष दिसला नाही की ईसीएम दिवा आपोआप विझवतो. कोड मात्र इंजिन चाळीसेक वेळा तापून थंड होईपर्यंत आठवणीत ठेवतो. चौथ्या सकाळी पुण्याला निघालो, किल्ली फिरवली, दिवा लागला, इंजिन सुरू झालं, दिवा गेला. आणेवाडीला थांबलो तेव्हा आरपीएमचा काटा हलत नव्हता. काढून टाकलेला ऑक्सिजन सेन्सर वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत ठेवलाय. चांगला आहे तो.